सॅक्सोफोनला दिलेली दाद

जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवण्याचं वेड आमच्या घरात फक्त मलाच आहे, अशी माझी समजूत होती. बाबा होते तोवर "तो गोंगाट बंद कर" एवढंच त्यांचं त्यावर मत असायचं.

काल दुपारी नवीन मिळालेली रेकॉर्ड लावली. मुंबईतल्या कुठल्याशा हॉटेलात, श्रोत्यांसमोर वाजवलेली. जॅझचे श्रोते टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात. इथे मात्र सॅक्सोफोन एका अवघड जागेवरून अलगद खाली उतरला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अहाहा! जियो!" गाण्याच्या बैठकीत देतात तशी, भर सुरात दिलेली दाद.

मी वळून पाहिलं. आई मेथी निवडायची टाकून दारात येऊन उभी होती.

"ह्यांचा आवाज," ती म्हणाली. "असलं ऐकायला गेल्याचं मला कधी बोलले नाहीत रे. परत लाव."

मी लावली. तिने पुन्हा लावायला सांगितली.

रेकॉर्ड वाजवली की झिजते. प्रत्येक वेळी सुई त्या आवाजाचा एखादा कण खरवडून नेते. पण तोंडाला पदर लावून बसलेल्या आईला हे सांगायचं कुणी? मी सुई उचलली आणि मागे नेऊन ठेवली.