फ्रेमच्या कडेचं कोपर

वर्तमानपत्राच्या पानाचा एक जुना दंडक आहे. फोटोतल्या माणसाने पानाच्या आत बघावं. पानाच्या डाव्या कडेला लावलेल्या फोटोतला माणूस डावीकडे बघत असेल, तर वाचकाची नजर त्याच्या मागोमाग पानाबाहेर जाते. अशा वेळी फोटो दुसरीकडे हलवायचा. जागा नसेल तर उलटा करायचा, म्हणजे आरशातल्यासारखा. असं करू नये, हे सगळे सांगतात आणि पान छपाईला सोडायची वेळ झाली की सगळे करतात. मीही वीसेक वर्षं करत आलो.

वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायचा फोटो निवडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. घरात फोटोतलं कळणारा मी, असा समज होता. माझाही होता.

फोनमध्ये बरेच फोटो होते, पण शेवटच्या वर्षातले बहुतेक निरुपयोगी. त्यांत डोळे औषधाने जड झालेले. एक बरा निघाला. जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या पूजेत शेजाऱ्यांनी काढलेला. दारातून येणारा उजेड, चेहरा निवांत, ओठांवर हसू येऊ घातलेलं. नजर डावीकडे. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर आत आलं होतं. असं कोपर आम्ही विचार न करता कापतो. कापलं.

हॉलमधला खिळा भिंतीच्या डाव्या टोकाला, खिडकीलगत आहे. तिथे फोटो लावला असता तर वडील कायम समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत राहिले असते. स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याला मी फोटो उलटा करायला सांगितला.

"पलटी? पक्का?" त्याने विचारलं.

"पक्का."

तेराव्याच्या दोन दिवस आधी फ्रेम घरी आली. आई तिच्यासमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, "ह्यांच्या शर्टाला खिसा या बाजूला कधीपासून आला?"

फोटो उलटा करण्याआधी घड्याळ, खिसा आणि अक्षरं तपासा, हे मी नव्या उपसंपादकांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

मी खिळ्याचं आणि खिडकीचं कारण दिलं. तिने ते ऐकून घेतलं. "मूळचा दाखव."

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहऱ्यावर ती थांबली नाही, सरकत कडेला गेली.

"हे कोपर माझं. मी शिऱ्याचा द्रोण पुढे केला, तर म्हणाले, साखर बंद केलीय ना माझी? आणि हसले." फोन तिने मांडीवर ठेवला. "मला कापलंस ते कापलंस. ह्यांना कशाला फिरवलंस?"

त्या फोटोतला उजेड, त्याची स्पष्टता, तो मोठा केल्यावर फुटेल का, हे सगळं मी तासभर पाहिलं होतं. माणूस कुणाकडे बघतोय, हे पाहिलं नव्हतं.

"जसा आहे तसा आण," आई म्हणाली. "कोपरासकट."

दिवसांसाठी रत्नागिरीहून आलेली आत्या आतून बाहेर आली. "वहिनी, काहीतरीच काय? त्या फोटोला हार घालायचाय. जिवंत माणसाचा हात हाराखाली?"

"माझाच हात आहे ना?"

"म्हणूनच सांगतेय. लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतील आणि जातील."

"दादा असता तर—"

"असते तर फोटो लागलाच नसता."

आत्या रडायला लागली. दोघींचंही बरोबर होतं आणि मला कुणाचीच बाजू घेण्याइतकं त्राण नव्हतं. मी चपला घातल्या.

स्टुडिओवाल्याने पडद्यावर कोपराभोवती चौकट आखली. "अंकल, ये हाथ निकाल दूँ?"

"रहने दो."

"हार चढेगा ना इसपे?" त्याने चौकट पुसली. "बना देता हूँ. पर हमारे में भी नहीं चलता."

तेराव्याला सकाळी आत्याने पांढऱ्या शेवंतीचा हार आणला. हातात धरून ती फ्रेमसमोर उभी राहिली. वडिलांची नजर खिडकीच्या बाजूला, कडेला कोपर आणि कोपराकडे सरकलेल्या दोन हिरव्या बांगड्या. आई उठली नाही.

"ताई, हार खाली पाटावर ठेवा," ती म्हणाली. "फोटोला नको."

आत्याने हार पाटावर, समईशेजारी ठेवला.

दिवसभर माणसं येत राहिली. दोघातिघांनी हार पडला का म्हणून विचारलं. आत्या प्रत्येकाला सांगत होती, "पडला नाही. घातलाच नाही." खालच्या मजल्यावरच्या बाई फोटोजवळ गेल्या, कडेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कुणाचं कोपर आलंय?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "आमच्या वहिनीचं."