अकरा यंत्रांनी पास केलेलं दूध

टँकरचं झाकण उघडताच आंबूस वास तिच्या नाकात शिरला. बावीस वर्षं दूधसंघाच्या प्रयोगशाळेत काढलेली बाई. सगळे तिला नाकवाली ताई म्हणत, कारण नळी हातात घेण्याआधीच तिचा निकाल लागलेला असे. तरी तिने जुन्या रीतीप्रमाणे चमचाभर दूध नळीत उकळलं. फाटलं. काचेला पिवळट गुठळ्या चिकटल्या. समोरच्या स्क्रीनवर मात्र पासची हिरवी खूण होती, आणि ती पाहून याच टँकरमधून भरलेले लहान मुलांच्या इस्पितळाचे दोन कॅन गाडीने रवानाही झाले होते.

तिने तिथल्या स्वयंपाकीणबाईंना फोन लावला. गाडी अजून पोचली नव्हती, पण हिरवी खूण असलेलं दूध परत पाठवायची आम्हाला मुभा नाही, असं त्यांनी सांगितलं.

मग तिने नेटवर्क सांभाळणाऱ्या इंजिनिअरला गाठलं. पोरगा हुशार, पण समजावून सांगायची भारी हौस. नोंदी पुसता न येणारी संघाची ही ब्लॉकचेन दोन थरांची, त्याने परत पहिल्यापासून सुरू केलं. खालच्या थरातली अकरा यंत्रं फक्त कोणती नोंद कधी आली एवढ्यावर एकमत करतात. दुधातलं त्यांना काही कळत नाही. अमुक झालं की तमुक करा, असल्या छोट्या करारांचे दिवस गेले. आता वरच्या थरावर संघाची अख्खी नियमावलीच प्रोग्राम होऊन चालते. टँकरमधला सेन्सर दुधाचं तापमान पाठवतो, प्रोग्राम निकाल देतो, दोन तासांत हरकत आली नाही तर तो खाली कायमचा नोंदला जातो. म्हणून तर हाताची चाचणी बंद केली, हेही त्याने ऐटीत सांगितलं.

तिने हरकत टाकली. मिनिटभरात फेटाळली गेली.

"मॅडम, प्रोग्राम चुकीचा चालला असेल तरच हरकत टिकते. चार अंश आले, चार अंश म्हणजे पास. बरोबर चाललाय."

"आणि चार हा आकडाच खोटा असेल तर?"

"तो वरच्या थराचा प्रश्न नाही. खालच्याचाही नाही."

दुधाच्या वासापेक्षा या उत्तराची तिला जास्त किळस आली. पदर खोचून ती शिडीवरून टँकरवर चढली. सेन्सरची वायर दुधात उतरलीच नव्हती. ती कडेने पुढे गेली होती, चालकाच्या केबिनमध्ये, त्याच्या बर्फाच्या पेटीत. टँकरचं थंड करायचं यंत्र वाटेतच बंद पडलं होतं. चालक मान खाली घालून पुटपुटला, "लाल दिसलं की गाडी परत फिरवतात ताई. खेप बुडते."

तिने वायर ओढली आणि सेन्सर दुधात बुडवला. एकोणीस अंश. स्क्रीन लाल झाला. अकरा यंत्रांचं यावरही तितक्याच बिनतक्रार एकमत झालं. इंजिनिअर खुलला, व्यवस्था कशी चोख चालते बघा, म्हणाला. इस्पितळात हे लाल कधी दिसेल, असं तिने विचारलं. पहिला निकाल लगेच दिसतो, पण तो बदलायचा तर नवा खाली पक्का झाल्यावर, दोन तासांनी.

त्याला तिथेच सोडून तिने पुन्हा स्वयंपाकीणबाईंना फोन लावला. कॅन उतरले होते, पेले मांडून झाले होते.

"पण ताई, इथे अजून हिरवंच आहे."

"असू दे. तुम्ही आधी झाकण उघडा."

कॅनचा पत्रा खणाणला.

"शी. हे पास केलं तरी कुणी?"

"ओतून टाका ते," ती म्हणाली, आणि दोन्ही कॅन मोरीत रिकामे झाल्याचा आवाज येईपर्यंत तिने फोन कानापासून हलवला नाही.