उतरत्या बाजारातला कॅल्क्युलेटर

भाव करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा एके काळी समज होता. शास्त्र आईनं शिकवलेलं. वांगी घ्यायची ती उतरत्या बाजारात. दिवस कलला, बैलगाड्या जुंपायला लागल्या, की विकणारा आपणहून भाव पाडतो. तोवर नुसतं फिरायचं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. धाकटी बहीण अकोल्याला डिप्लोमाला होती. आकडेमोडीसाठी लॉगच्या कोष्टकांची पुस्तिका उलटता उलटता गेल्या खेपेला तिचा गणिताचा पेपर अर्धाच राहिला होता. पुन्हा राहिला तर वर्ष जाणार. यंदा परीक्षेत कॅल्क्युलेटर चालणार असं कळलं आणि तो आणायची कामगिरी घरानं माझ्यावर सोपवली.

आमच्या आठवडी बाजाराच्या गावी, रिसोडला, रेडिओ दुरुस्त करणारे एक काका मुंबईहून कॅल्क्युलेटर आणून विकत. मी भाव ऐकला, तोंड वाकडं केलं नि पायरी उतरलो. मागून हाक यावी म्हणून मुद्दाम हळू चाललो. हाक काही आली नाही.

पुढच्या बाजाराला मात्र भाव खरंच उतरलेला! मी मिशीवर हात फिरवला.

"तुमच्यानं नाही उतरला, दादा," काका म्हणाले. "याच्यात नखाएवढी चिप राह्यते. ते बनवणाऱ्या परदेशातल्या कंपन्या एकमेकीचा भाव पाडून राह्यल्या. मरून राह्यलो मी! माल दुकानात येईस्तोवर स्वस्त होते."

म्हणजे बाजार अजून उतरायचा होता तर. मी थांबलो. दर आठवड्याला भाव थोडा खाली, आणि मी रिकाम्या हातानं, पण विजयी मुद्रेनं घरी.

अभ्यासाच्या सुट्टीत बहीण आली. "कुठं हाय माहा कॅल्क्युलेटर?"

"दम धर न. कंपन्या भांडून राह्यल्या अजून."

"त्या भांडतीन जलमभर! माही परीक्षा सोमवारी हाय. वांगं हाय का ते, संध्याकाळी सुकाले?"

आई पदर तोंडाला लावून हसली. माझीच गुरू!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊन बहिणीनं तो घेतला. घासाघीस न करता.

परीक्षेहून ती हसतच आली. पेपर पुरा सोडवून वर उत्तरंही तपासली होती. तोवर रिसोडला भाव आणखी उतरला होता. मी हळहळलो, "आठ दिवस थांबली असती तर..."

"उतरला? बरं झालं!" ती म्हणाली. "वर्गातल्या दोघीचा पेपर अर्धा राह्यला. ऑक्टोबरात पुन्हा बसतीन त्या. जाय, त्या दोघीसाठी काकाकडून दोन घे. अन् आजच घेऊन ये."