गोट्याच्या दाढा आणि दत्तगुरू

मांजरासाठी देवाला साकडं घालावं की नाही, याच विचारात माझे कितीतरी दिवस गेले. रोज दत्ताच्या तसबिरीपुढे बसायचे आणि ओठांवर आलेलं मागणं गिळून टाकायचे. आसपास माणसं आजारी असताना आपण एका बोक्यासाठी काय रडायचं, असं वाटे.

हे कारखान्यातून निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हापासून नेहरू नगरच्या आमच्या घरात गोट्या हाच काय तो तिसरा जीव. त्याला मधुमेह. ह्यांनाही तोच आजार, त्यामुळे सुईची सवय. आधी स्वतःला टोचून घेत, मग मांडीवर घेऊन त्याला. बरं चाललं होतं. पण मग त्याच्या दाढा सडल्या. तोंडाला वास यायचा, लाळ गळायची. भूक लागली की वाटीपाशी यायचा आणि नुसता बसून राहायचा. तो खात नाही म्हणून इन्शुलीन पूर्ण देता येईना, आणि कमी दिलं की साखर चढे. डॉक्टर म्हणाले, साखर उतरल्याशिवाय भूल द्यायला भीती वाटते. आणि तोंडातला पू गेल्याशिवाय साखर उतरणार नाही, हेही तेच म्हणाले. दुसऱ्या दवाखान्यात तर, वय झालंय, आता कशाला त्रास देता, असं सांगून आमची बोळवण झाली.

तिथून परतताना गोविंदपुऱ्यात आमची ऑटो बंद पडली. चालक दुरुस्तीला लागला, आम्ही चहाच्या गुमटीपुढच्या बाकावर बसलो. टोपलीत गोट्या कण्हत होता. तिथे भर उन्हात माझं अवसान गळालं. मनात म्हटलं, "महाराज, मला आता काही सुचत नाही. हा तुमचा. ठेवा नाहीतर न्या." ते मागणं नव्हतंच. मी हात टेकले होते.

समोरच्या कारखान्याची पाळी सुटली होती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी चहाला आली आणि टोपलीपाशी थबकली.

"आंटी, इसके दाँत ख़राब हैं क्या? बड़ी तकलीफ़ में है."

मी सगळं सांगितलं. शुगरचं नाव काढताच ती माझ्या शेजारी बसली. "हमारी बिल्ली को भी थी. ऐसे ही दाँत निकलवाए थे. रुकिए." तिने तिथूनच आपल्या मांजरीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि ह्यांच्या हातात दिला. ऐकता ऐकता ह्यांचा चेहरा बदलत गेला. फोन ठेवून म्हणाले, "अगं, त्या ऑपरेशन करते म्हणाल्यात! उद्याच बोलावलंय."

तिचं नाव शबाना.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, एक दिवस ठेवून घेतलं. "शुगर थोड़ी ऊपर है, पर हम साथ-साथ देखते रहेंगे. जड़ तो दाँत ही हैं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला आत नेलं. दार बंद झालं तसा मी जप सुरू केला, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की जप थांबलाय, पण भीतीही उरलेली नाही. जेवणाच्या सुट्टीत शबाना धावत येऊन गेली. एवढ्यात आतून एक जोरदार गुरगुर ऐकू आली. शुद्धीवर आलेला गोट्या डॉक्टरीणबाईंवर फिस्कारत होता! "लीजिए, आपके शेर को होश आ गया," त्या हसत बाहेर आल्या. हे भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी त्याने मऊ उकडलेलं चिकन वाटी चाटूनपुसून खाल्लं. पुढे साखर उतरत गेली, डॉक्टरीणबाई इन्शुलीन कमी करत गेल्या, आणि एके दिवशी म्हणाल्या, "अब बंद." मांजरांत कधीकधी असं होतं, असंही त्यांनी समजावलं. होत असेल. मी वाद घालत नाही. एरवी देवघराकडे न फिरकणारे हे त्या दिवशी स्वतः पेढे घेऊन आले. पहिला दत्तापुढे ठेवला, दुसरा शबानाला नेऊन दिला.

साखर उतरू दे, एवढंच मी मागणार होते, आणि तेही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. दत्तगुरूंनी मात्र माणूस पाठवलं. आता तसबिरीपुढे बसले की मनात असेल ते, मांजराचं असो की माणसाचं, संकोच न करता सांगून टाकते. ते कसं करायचं, हे मात्र त्यांना सांगत नाही.