वसुमतीअक्कांचे पंधरा आकडे

खंडोजींच्या काळजाची झडप बदलून चार दिवस झाले होते. डॉक्टरांनी रत्नाबाईंना एकच गोष्ट बजावली होती, रक्तात जंतू शिरता कामा नयेत. शिरले तर नव्या झडपेवर जाऊन बसतील. तेव्हापासून रत्नाबाईंचा जीव नवऱ्याच्या डाव्या हाताला लावलेल्या सलाईनच्या नळीत अडकला होता.

ती नळी सांभाळायच्या वसुमती सिस्टर. होसकोटे गावाहून पहाटेच्या बसने यायच्या, वॉर्डात कन्नड बोलायच्या आणि या नवरा-बायकोशी घरची मराठी. नोकरीला बावीस वर्षं झालेली. औषध सोडण्याआधी त्या हात धुवायच्या, मग नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासत राहायच्या. घासताना ओठ हलायचे.

"कुणाचं नाव घेता, अक्का?"

"नाव कुठलं! पंधरापर्यंत मोजते. त्याआधी हात थांबवायचा नाही."

"दर वेळी?"

"मग? शेजारच्या खाटेवर मोजलं ते इथे कसं चालेल?"

खंडोजी म्हणाले, "देव आला तरी ही बाई आधी त्याला हात धुवायला लावेल!"

रत्नाबाई हसल्या नाहीत. चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानात संध्याकाळपर्यंत कापड मोजणाऱ्याचा हात सैल पडतोच. या बाईचा पडत नव्हता. त्या बघतच राहायच्या.

रविवारी, खंडोबाच्या वारी, दुखऱ्या जागी भंडारा लावायची त्यांच्या घरची रीत. नळीवरच्या पट्टीची एक कड सुटली होती. रत्नाबाईंनी चिमूटभर हळद तिच्याखाली, थेट सुईच्या भोकापाशी सारली. "मल्हारी, सांभाळ रे."

तासाभराने वसुमती फेरीला आल्या. पारदर्शक पट्टीतून कातडी बघायची, बोटाने चाचपायची, हा त्यांचा नेम. आज त्या थबकल्या. "हे पिवळं काय?"

 रत्नाबाईंना गप्प बसावं असं वाटलं, पण नजर नवऱ्याच्या छातीवरच्या टाक्यांकडे गेली.

"मीच घातलं. भंडारा आहे. काय करून बसले हो मी!"

"सांगितलंत ना, सरी, बरं झालं." वसुमतींनी ती नळी तिथल्या तिथे काढली, दुसऱ्या हाताला नवी लावली, डॉक्टरांना कळवलं. मग हळूच म्हणाल्या, "कपाळाला लावा की, हवा तेवढा. इथे मात्र कातडीला भोक आहे, रत्नाक्का. इथून वाट सरळ काळजापर्यंत जाते. माझा हातसुद्धा धुतल्याशिवाय इथे चालत नाही."

संध्याकाळी खंडोजींच्या अंगात तापाची कसर आली. रक्त तपासणीला गेलं. तीन दिवस रत्नाबाईंचे रिपोर्टची वाट बघण्यात गेले. थर्मामीटर काखेतून निघालं की त्या आधी वसुमतींच्या तोंडाकडे बघायच्या.

चौथ्या दिवशी वसुमती लगबगीने आल्या. "जंतू नाहीत! ताप दुसऱ्याच दिवशी उतरला होता, आता रिपोर्टही आला. डॉक्टर म्हणतात, सुईचं औषध बंद." आणि लगेच नळी काढायला बसल्या. "लागत नाही ती एक तासही ठेवायची नाही."

रत्नाबाईंनी त्यांचे हात धरले. धुवून धुवून पेरं खरखरीत झालेली, नखांशी चिरा. बावीस वर्षांत या हातांनी किती जणांच्या काळजाची वाट राखली असेल! आणि त्या माणसांना त्याचा पत्ताही नसेल, कारण ती सगळी धडधाकट घरी गेली.

त्यांनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली, वसुमतींच्या कपाळाकडे हात नेला आणि थांबल्या.

"स्वल्प थांबा हं, अक्का."

नळाखाली हात चोळताना त्यांचे ओठ हलत होते.