मेहुण्याचा चढ

धाकट्या मेहुण्याच्या व्यायामाला मी पहिल्याच दिवशी मदत केली, हे माझं चुकलं. उत्तरायणात पतंग उडवताना गच्चीवरून पडून त्याच्या मणक्याला मार बसला, तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, थोडा वेळ जीव तोडून चाकं फिरवायची, मग थोडा वेळ सावकाश, मग पुन्हा जोरात. मी फक्त घड्याळ बघायचं होतं. पण बडोद्यातल्या आमच्या हरणी भागातल्या सोसायटीत त्याला घामाघूम झालेलं पाहून मला राहवेना. मी मागून खुर्ची ढकलली.

"भावजी, रहेवा दो, ढकलू नका," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मला बँकेत रुजू व्हायचंय. तिथला रॅम्प एकट्याला चढायचाय. का तुम्ही रोज येणार आहात नोकरीला?"

त्यानंतर मी हात मागे बांधून नुसतं "जोरात" आणि "सावकाश" म्हणत राहिलो. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तो सोसायटीच्या पार्किंगचा चढ एका दमात चढून गेला. मी मागोमाग, रिकाम्या हातांनी.

वर बायको उभी होती. तिनं भावाला पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याची धाप थांबली," ती म्हणाली. "तुमची थांबली की सांगा, मग चहा टाकते."