तंबाखूच्या कोठारातला सीझर

लेमुएल पेटीफोर्डनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्याला घर खायला उठलं, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "अरे लेम, आमच्याकडे ये की. तुझा आवाज खणखणीत आहे, कामाला येईल."

आमच्याकडे म्हणजे त्या गावात, जिथं अजून सतराशे पंचाहत्तर साल चालू आहे. अमेरिकेत, आमच्या व्हर्जिनियात, जुना काळ जगून दाखवणारी असली गावं लोक तिकीट काढून बघायला येतात. कुणी लोहार होतं, कुणी मालकीणबाई. मी धुणं धुणारी गुलाम बाई. दिवसभर चुलीवरच्या हंड्यात काठी फिरवायची आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. "तुमचा मालक चांगला होता का?" हा प्रश्न रोज येतो.

लेमला सीझर मिळाला. सीझर पळालेला गुलाम. गावाच्या चौकात गोरे पुढारी इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याची भाषणं ठोकतात, आणि तिकडे राजाच्याच गव्हर्नरानं जाहीर केलेलं असतं, की बंडखोरांचा जो गुलाम आमच्याकडून लढेल तो मोकळा. म्हणून सीझर रातोरात निसटतो आणि नदीवरच्या राजाच्या जहाजाकडे निघतो. वाटेत तंबाखूच्या कोठारात लपतो.

पाहुण्यांचा घोळका कोठारात शिरला, की टांगलेल्या पानांमागून लेम हळूच बाहेर यायचा. "मला बघितलंत, आता माझा जीव तुमच्या हातात." मग डग विटकॉम यायचा, गुलाम पकडणारा गस्तवाला. डग खरं तर इतका मऊ, की घरातली माशीसुद्धा न मारता बाहेर सोडायचा. पण दारात उभा राहून गरजायचा, "इथं कुणी पळपुटा दिसला का?" पुढचं पाहुण्यांच्या हातात. बहुतेक लोक गप्प बसत. पोरं तर छातीठोक खोटं बोलत. एखादा सांगून टाकायचा, मग डग लेमचे हात बांधून त्याला घेऊन जायचा, आणि थोड्या वेळानं लेम परत येऊन सगळ्यांशी गप्पा मारायचा, त्या काळी तुम्ही काय केलं असतं म्हणून विचारायचा.

"अर्नेस्टाइन," तो मला एकदा म्हणाला, "जो सांगणार असतो ना, तो आधी स्वतःच्या बुटांकडे बघतो."

पाचव्या वर्षी ऑक्टोबरात आलेल्या एका माणसानं मात्र बुटांकडे बघितलं नाही. धिप्पाड गडी, सोबत बायको-पोरं. लेमचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो ओरडला, "इकडे आहे! धरा रे!" लोक हसले. लेम मागच्या दाराकडे पळाला. पळायचंच असतं तिथं. त्या माणसानं झेप घेऊन त्याला पाडलं, पाठीत गुडघा रोवला आणि उजवा हात मागं पिरगळला.

माझी चूल कोठाराच्या मागंच. मी किंकाळी ऐकली. ती सीझरची नव्हती, इतकं मला कळलं. ओल्या हातांनी धावत गेले.

"सोडा! खरंच लागलंय!" लेम मातीत तोंड घालून ओरडत होता. "मी लेमुएल पेटीफोर्ड! मी इथं नोकरीला आहे हो!"

"काय कसलेला नट आहे!" तो माणूस हसून म्हणाला. त्यावर टाळ्या पडल्या. फोन वर झाले.

डग धावत आला. "सोडा त्याला! बास!" लोकांना तेही नाटकच वाटलं. डगनं टोपी फेकली, "नाटक संपलंय, हलकटांनो!" म्हणाला आणि त्या माणसाला खांद्यानं ढकलून दिलं. तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या. लेमचा खांदा निखळून पुढं आला होता, हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता.

"मी तुमच्याच खेळात भाग घेत होतो," तो माणूस फुरंगटून म्हणाला. "आधी सांगायचं ना." त्याच्या धाकट्या मुलीनं रडायला सुरुवात केली, तसं तो तिला उचलून निघून गेला.

दोनदा शस्त्रक्रिया झाली. उजवा हात छातीच्या वर काही जाईना. वरिष्ठांनी कोठारात दोर बांधला, पाटी लावली: कलाकारांना हात लावू नये. वसंतात लेम परत आला. बायकोनं, व्हर्डेलनं, नको म्हणून खूप विनवलं होतं.

पहिल्याच घोळक्यात कुणी काही वावगं केलं नाही. सगळे चिडीचूप वाट बघत राहिले. पण डगचे बूट दाराशी वाजले तरी लेम पानांमागून बाहेर आलेलाच नव्हता. डग पानांमागं गेला तर हा भिंतीला टेकून बसलेला, विजार ओली. डगनं आपला कोट त्याच्या मांडीवर टाकला, शेजारी बसला, आणि पानांपलीकडच्या लोकांना ओरडून सांगितलं, "आज पळपुटा सापडला नाही. जा तुम्ही." सीझर सुटला असं समजून लोक खूश होऊन टाळ्या वाजवत गेले.

त्यानंतर लेम आला नाही. कोठारातला तो नाट्यप्रवेशच बंद झाला. डगनंही नोकरी सोडली.

मी मध्यंतरी लेम आणि व्हर्डेलकडे जेवायला गेले होते. लेम म्हणाला, "इतकी वर्षं मी लोकांना विचारत होतो, तुम्ही काय केलं असतं म्हणून. मिळालं उत्तर."

"एका माणसाचं उत्तर ते," व्हर्डेल म्हणाली. "सगळ्या जगाला कशाला त्यात ओढतोस?"

"धरलं एकानं, व्हर्डेल. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या."

तिनं त्याच्या ताटातल्या मांसाचे बारीक तुकडे करून दिले, आणि तो डाव्या हातानं जेवू लागला.